पाय लागल्यावर

रजेचा शेवटचा दिवस होता. सटवाजी बूट चढवून हुबळीच्या कमरीपेठेतल्या आपल्या दोन खणांच्या घरातून बाहेर पडत होता आणि उंबऱ्याशी त्याचा बाप अप्पाजी, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब सोडून, सुतळी वळत बसला होता. बुटाचं टोक त्या पायाला लागलं. जोरात नाही, निसटतं लागलं. अप्पाजी वर न बघताच "आसू दे, आसू दे" म्हणाला. पोराचा पाय लागणार, पोर वाकून पायाला हात लावणार, तोच हात कपाळाला नेणार आणि बाप 'आसू दे' म्हणणार, हे त्या घरात इतकं ठरलेलं होतं की त्यासाठी कुणी कुणाकडं बघत नसे. या वेळी 'आसू दे' नुसतंच हवेत गेलं. कुणी वाकलंच नव्हतं. सटवाजीचा उजवा हात पँटीच्या शिवणीला लागून सरळ होता, मूठ वळलेली, अंगठा पुढं, अगदी कवायतीत शिकवल्याप्रमाणे. अप्पाजीनं मान वर केली. मग आपणच नको तेव्हा बोलून बसलो अशा ओशाळ्या तोंडानं त्यानं पाय ओढून घेतला आणि सुटलेला पीळ पुन्हा मांडीवर धरला.

त्याची आई जनाबाई चुलीपुढं भाकरी करत होती. तिनं सगळं पाहिलं. "बुटात वाकाय येत न्हाई वाटतं तुला," ती म्हणाली. तिचं लक्ष भाकरीवर होतं, निदान तसं तिनं दाखवलं. "व्हय की अव्वा," सटवाजी म्हणाला. "लई कडक चामडं." शुद्ध खोटं. त्याच बुटांनिशी तो काट्याकुट्यातून पोटावर सरपटला होता, उकिडवा बसून जेवला होता. पण आईनं पळवाट काढून दिली आणि पोरानं ती मुकाट्यानं धरली. रुमाल विसरलो असं काहीतरी पुटपुटत तो आत गेला, कोपऱ्यात बसून त्यानं बूट उतरवले आणि चोरासारखा इकडंतिकडं बघत अनवाणी पायानं जोंधळ्याचं सूप हलकेच लाथाडलं. सुपातले दाणे सरकले. हात हलला नाही. मग त्यानं केरसुणीला पाय लावला. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. लहानपणी तिला पाय लागला तर रात्री झोप लागत नसे. हात आपला मांडीवर पडलेला, कुणा परक्याचा असावा तसा. हात उचलता येत नव्हता असं नाही. त्यानं तो उचलला, केरसुणीला लावला, कपाळाला नेला. पण हे म्हणजे मेलेल्याचा हात धरून त्याच्याकडून नमस्कार करवण्यासारखं झालं. पाय लागणं आणि हात जाणं यांच्या मधे पूर्वी काहीच नव्हतं. आता तिथं सटवाजी उभा होता, आणि तो हाताला वाट देत नव्हता.

संध्याकाळच्या गाडीनं त्याला जायचं होतं. गाडीच्या पुढं बोट आणि बोटीच्या पुढं ब्रह्मदेश. मरणाचं भय त्याला होतंच. नाही म्हणणाऱ्या शिपायावर विश्वास ठेवू नये. पण त्या कोपऱ्यात, केरसुणीपुढं बसलेला असताना, त्याला दुसऱ्याच भयानं घेरलं. संध्याकाळी स्टेशनावर अव्वा ज्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडेल तो कोण असेल? तिचा पोर, की पोराच्या अंगात घुसलेला दुसराच कुणी? गेली ती सवय गेली, त्यात काय एवढं, असं त्यानं स्वतःला बजावून पाहिलं. पण ते पटेना. अव्वानं त्याला दिलेलं एवढं एकच होतं. बाकी घरात देण्यासारखं काय होतं? तो रांगत होता तेव्हा त्यानं जोंधळ्याचं मापटं लाथेनं उडवलं होतं म्हणे, आणि तिनं त्याचा चिमुकला हात धरून आधी मापट्याला आणि मग कपाळाला लावला होता. तेव्हापासून तो हात आपणहून जात आला. झोपेत भावाला लाथ बसली तर झोपेतच जायचा. आळनावराकडच्या त्यांच्या गावात, हुबळीला पोट भरायला येण्याआधी, पोरं मुद्दाम त्याच्या पायात पाय घालायची आणि त्याला वाकलेला बघून खिदळायची. सगळ्यांत मोठ्यानं खिदळायचा तो शंकर.

शंकर. या रजेत इतके दिवस टाळलेलं नाव शेवटी असं समोर येऊन उभं राहिलं. शंकर केशवापुराच्या पलीकडं बहिणीकडं असतो, हे त्याला आल्या दिवशीच कळलं होतं. रोज जाईन म्हणायचं आणि रोज काहीतरी निघायचं. आज बूट पुन्हा बांधताना त्याला पक्कं वाटलं की हात जिथं थांबला तिथूनच तो परत मिळेल. शंकरच्या पायांवर हात ठेवायचा, माफ कर म्हणायचं, बस. "शंकरला भेटून येतो," त्यानं उंबऱ्यावरून सांगितलं. या खेपेला त्यानं बापाचा पाय नीट बघून ओलांडला. "जा जा," अप्पाजी म्हणाला. "म्या इचारलंय म्हणून सांग." जनाबाई चुलीपासून उठून दारापर्यंत आली. "बूट काढून जा की रे. दोस्ताला भेटाय चाललास, लढाईला न्हवं." तो हसला, आणि बूट घालूनच गेला. पायात ते नसले की आताशा त्याला उघडं उघडं वाटे.

दोघं बरोबरच भरती झाले होते. धान्य महागलं होतं, कापूस बाजारातली हमाली बसली होती, आणि पेठेत बँड वाजवत सरकारी माणसं आली तेव्हा पोटभर जेवण हे दोनच शब्द दोघांच्या कानांत शिरले. घाटापलीकडच्या छावणीत उतरल्या दिवशी न्हाव्यानं डोकी भादरली. शंकर स्वतःच्या गुळगुळीत टाळूवरून हात फिरवत म्हणाला, "यप्पा, बाप मेला का काय आमचा?" त्यावर त्याला पहिली थप्पड बसली. मग थपडांचं काही वाटेनासं झालं. रंगरूट म्हणजे माणूस नव्हे, माणसाचा कच्चा माल, हे तिथं कुणी तोंडानं सांगत नसे, पण उठण्यापासून हगण्यापर्यंत ते शिकवलं जाई. उन्हात उभं करून ठेवत. शेजारचा कोसळला तर बघायचं नाही. एकानं चूक केली तर सगळ्यांनी पाठीवर ओझं बांधून धावायचं, म्हणजे बराकीत गेल्यावर चूक करणाऱ्याचा समाचार इतर परस्पर घेत. सरकारला हात खराब करावे लागत नसत. सटवाजीला हे सगळं जमलं. बायामाणसांच्या घोळक्यात वाढलेल्या पोराला जमणार नाही असं लोक म्हणाले होते, ते खोटं ठरलं. अडलं ते फक्त एका ठिकाणी.

कवायतीत पुढच्याच्या टाचेला त्याचा बूट लागे आणि हा पठ्ठ्या रांगेतून खाली वाके, त्या टाचेला बोटं लावून कपाळाला नेई. मागचे त्याच्यावर आदळत. त्याबद्दल दोनचारदा फटके बसले, आणि हात रांगेत असताना नुसता थरथरण्यावर आला. उस्तादाला वाटलं, संपलं. उस्ताद म्हणजे कवायत शिकवणारा हवालदार. मराठीच माणूस, बारीक अंगाचा, आवाज कधी न चढवणारा. मग संगिनींचे दिवस आले. पोत्यात गवत भरून केलेली माणसं चौकटींना टांगलेली, काही जमिनीवर आडवी टाकलेली. ओरडत धावायचं, खुपसायची, पिळायची, मग पोत्याच्या छातीवर पाय रोवून ओढून काढायची आणि पुढच्याकडं धावायचं. सटवाजी ओरडला, सगळ्यांत भेसूर ओरडला. खुपसली, पिळली, पाय रोवला, ओढली. आणि मग सगळ्या पलटणीच्या देखत त्यानं बंदूक डाव्या हातात घेतली, खाली वाकून गवताच्या माणसाला हात लावला, आणि तो हात कपाळाला नेला.

अख्खं मैदान हसलं. शंकर तर पोट धरून खालीच बसला. एकटा उस्ताद हसला नाही. तो सावकाश चालत आला, सटवाजीसमोर उभा राहिला, आणि खाजगीतलं बोलावं तशा आवाजात म्हणाला, "मलाही आईनं शिकवलंय हे. मला काय कळत नाही होय?" सटवाजीला क्षणभर वाटलं, सुटलो, आपल्यातलाच निघाला. "पण पाय दिल्याबिगर संगीन निघत नाही," उस्ताद पुढं म्हणाला. "हाडं धरून ठेवतात तिला. आणि तू नमस्कार करायला वाकलास की तेवढ्यात दुसरा येऊन तुझी मान उतरवणार. तुझी उतरू दे, माझं काय जातं? पण तुझ्या शेजारच्याचीही उतरेल." मग त्यानं हसणाऱ्या शंकरला बोटानं बोलावलं. "तू याच्या गावचा ना? झोप. उताणा. पोत्याच्या जागी."

तिथून पुढचं आठवायचं नाही असं सटवाजीनं ठरवलं होतं. पण रेल्वेचे रूळ ओलांडताना खडीवर बुटांचा आवाज झाला आणि तो आवाज त्याला घेऊनच गेला. बंदुकीची संगीन काढून ठेवली होती. धावत यायचं, दस्ता शंकरच्या अंगाशेजारी मातीत मारायचा, नाल ठोकलेली टाच त्याच्या छातीवर रोवायची आणि बंदूक ओढून घ्यायची. हात बंदुकीवरून सुटता कामा नये. सुटला तर? तर सटवाजीला काही नाही. "नमस्कार तू करायचास," उस्तादानं समजावून सांगितलं, "आणि पळायचं त्यानं." शंकरनं बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर ताठ धरायची, मैदानाच्या टोकाच्या चिंचेला वळसा घालून यायचं, आणि येऊन पुन्हा जागेवर आडवं व्हायचं. पहिल्या खेपेला हात गेला तेव्हा शंकर पडल्यापडल्या म्हणाला, "कर बाबा, कर. देव झालो मी आज." आणि उठून हसत पळाला. पुढच्या खेपेला हसला, पण बोलला नाही. मग हसणं गेलं. ऊन डोक्यावर आलं. सटवाजीनं ओठ चावले, बंदुकीचं लाकूड असं आवळलं की नखं मुळापासून दुखली. पण टाच त्या छातीवर टेकली, खालच्या फासळ्या लवलेल्या बुटातूनही कळल्या, की हात निसटून जायचाच. तो त्याच्या मालकीचा नव्हताच कधी. तो अव्वाचा होता. "नगो रे नेऊस," शंकर म्हणू लागला. "सट्या, तुझ्या पाया पडतो, नगो नेऊस हात." मग तेही बंद झालं. तो नुसता पडून वर बघत राही. सटवाजीच्या तोंडाकडं त्याची नजर नसे, हातावर असे.

हात नेमका कधी थांबला हे सटवाजीला कळलंसुद्धा नाही. एकदा त्यानं टाच रोवली, बंदूक ओढली, पुढं धावला, वळला, आणि बघतो तो उस्ताद मान डोलावत होता. "शाबास. आता झालास शिपाई." खरी लाजेची गोष्ट यापुढची आहे. सटवाजीला आनंद झाला. नुसतं सुटल्याचं बरं वाटलं असं नव्हे, अगदी छाती भरून आनंद झाला. उस्तादानं स्वतःच्या मगातला चहा त्याला दिला, तो त्यानं प्याला. शंकरला जेवण गेलं नाही, तर त्याच्या ताटातल्या रोट्याही यानंच खाल्ल्या आणि डाराडूर झोपला. शंकर सकाळी उठून गुलाबी थुंकला. मग ताप, मग दवाखाना, आणि पुढं कधीतरी 'अनफिट' म्हणून घरी रवानगी. जाताना तो बराकीत सामान न्यायला आला होता. सटवाजी तेव्हा बुटांना पॉलिश करत होता, आणि बूट चांगले चकाकेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

केशवापुराची बंगलेवजा घरं संपली आणि पुढं मोकळ्या माळाला सीतेचा गोठा दिसला. सीता शंकरची थोरली बहीण. म्हशी राखून दूध घालते. तिनं सटवाजीला लांबूनच ओळखलं. "बा अण्णा, बा! कुंद्रु. ये, बैस. केवढा साहेब झालास रे!" तिनं पदरानं बाज झटकली. सटवाजी उभाच राहिला. शंकर कसा आहे, असं त्याला विचारायचं होतं, पण ती आपणहूनच सांगत सुटली. "बरा हाय की. खातोय, पितोय, म्हशीचं सगळं बघतोय. बोलत न्हाई फार. आन मधीच आंगणात आडवा होतोय बघ, उनातच, उताणा. म्या म्हंते झोप आली आसंल. तू बोल जरा त्येच्यासंगं, तुमी एका जागी ऱ्हायलेलं. ताक आणते." ती आत गेली. कडब्याच्या गंजीच्या सावलीत शंकर पाय पसरून बसला होता आणि पेंढी बांधत होता. हाडं वर आली होती, पण शंकरच होता तो. केस पुन्हा वाढले होते.

"शंक्या," सटवाजी म्हणाला. वाटभर घोकलेलं बाकीचं सगळं राहूनच गेलं. शंकरनं मान वर केली. "आलास?" तो म्हणाला आणि थोडंसं हसलासुद्धा. गावात नदीवरून येताना भेटल्यावर म्हणायचा तसंच. सटवाजीला एवढं हलकं वाटलं की तो भान न राहून भरभर पुढं गेला, आणि त्याचा बूट शंकरच्या लांब सोडलेल्या पायाला लागला. हात गेला. आपणहून गेला. सटवाजी ठरवायच्या आधीच वाकला होता, बोटं शंकरच्या धुळीनं भरलेल्या पावलाला लागली होती आणि कपाळावर येऊन टेकली होती. कपाळाला ती माती खरखरीत लागली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अव्वा, गेला गं हात, गेला, असं त्याला ओरडावंसं वाटलं; आत्ताच्या आत्ता कमरीपेठेत पळत जावं, बापाच्या दुखऱ्या पायाला पाय लावावा आणि 'आसू दे' ऐकावं, असं वाटलं. त्यानं डोळे पुसून शंकरकडं बघितलं. शंकर त्याच्या तोंडाकडं बघत नव्हता. कपाळावरच्या हाताकडं बघत होता. त्याच्या तोंडावरचं ते थोडंसं हसू पुसून टाकावं तसं गेलं. तो उठला. बांधलेली पेंढी त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर ताठ धरली आणि पळू लागला.

गोठ्याला वळसा घालून, म्हशींच्या खुंट्यांमधून, उकिरड्याच्या कडेनं तो पळत होता. गुडघे वर, कोपरं सरळ, श्वास शिटीसारखा वाजतोय. सीता ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि आधी तिला हसू आलं. वाटलं, दोघा मित्रांचा काही खेळ चाललाय. "साकु की रे शंकर," ती म्हणाली, "पुरे, खोकला येईल." मग तिनं सटवाजीचं तोंड बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. "साकु! शंकर, साकु!" ती त्याच्या मागं धावली, दंडाला धरू गेली, त्यानं तिला चुकवलं. ओठांच्या कडेला त्याच्या फेस आला होता. याला थांबवणारा शब्द कोणता ते सटवाजीला ठाऊक होतं. तो तोंडातून काढायचा नव्हता. शंकरनं दुसरा वळसा घेतला, ठेचकाळला, सावरला, हात खाली आले नाहीत. "हॉल्ट!" सटवाजी म्हणाला, आणि स्वतःचा तो उस्तादासारखा न चढलेला आवाज ऐकून तो स्वतःच दचकला.

शंकर जागच्या जागी थांबला. अनवाणी टाचा जुळवल्या. मग पेंढी नीट बाजूला ठेवून तो आला आणि सटवाजीच्या पुढ्यात, भर उन्हात, उताणा आडवा झाला. हात अंगाला लावलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आडवं होताना त्याचा खांदा बुटाला घासला. पाय लागला होता. सटवाजीच्या बोटांत कळ उठली, मनगट सुटू लागलं, आणि खालून शंकरचे दोन डोळे त्या मनगटावर खिळले. "काय करतोयस अण्णा त्येला? काय केलंयस?" सीता विचारत होती. सटवाजीनं आपला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.